स्नीक, क्रीप, स्टील, प्राउल… आणि आपलं एकटं 'हळूच'

अनुस्वार
किशोरांसाठीच्या एका इंग्रजी रहस्यकथेचं भाषांतर करतेय आणि एका प्रकरणात अडकून पडले आहे. रात्रीचा प्रसंग. मुलगा घरातून 'स्नीक' करत बाहेर पडतो. एक माणूस भिंतीच्या कडेनं 'क्रीप' करत येतो. मुलाची मोठी बहीण त्याच्या खोलीत येते, तिथे क्रियापद 'स्टील' (पोलाद नव्हे, चोरणे या अर्थाचा steal). कुत्रा 'स्लिंक' करत निघून जातो. आणि शेवटी कळतं की बरेच दिवस कुणीतरी घराभोवती 'प्राउल' करत होतं. मराठीत पटकन हाताशी येतं ते 'हळूच'. पण पाचही जण हळूचच वावरायला लागले तर प्रकरणातली गंमत गेली. कोण दोषी, कोण घाबरलेलं, कोण मायेनं आलेलं, हे सगळं लेखकानं फक्त क्रियापदांतून सांगितलंय.

यात मला सगळ्यांत अवघड वाटतो तो स्नीक. कोशात अर्थ मिळतो, पण तो शब्द कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे वापरणाऱ्यांकडूनच कळतं. तुम्ही स्नीक कधी वापरता? भूतकाळ स्नीक्ड की स्नक? आणि मराठीत काय म्हणाल?

निशाचर
मांजरपावलांनी. पाचही ठिकाणी. झालं काम. :)

स्वल्पविराम
नाही हो निशाचर, कुत्र्याला मांजरपावलं कशी देणार?

अनुस्वार, माझ्या मते 'हळूच' इथे मुळातच वाट चुकवतो. हळू म्हणजे वेग, नाहीतर आवाज. स्नीकमध्ये दोन्हींची सक्ती नाही. गर्दीच्या सभेतून माणूस भराभर चालत स्नीक आउट करू शकतो. सक्ती एकाच गोष्टीची, ती म्हणजे ज्याच्या नजरेतून सुटायचं आहे असा कुणीतरी हवा. तो बघेल तर अडवेल, रागावेल, निदान विचारेल तरी. असा कुणी नसेल तर स्नीक करताच येत नाही. रिकाम्या घरात कितीही दबकत चाला, ते स्नीकिंग नाही.

एक उदाहरण घ्या. बाळ झोपलंय, आई पाय न वाजवता खोलीबाहेर पडते. हे टिपटो. पण तीच आई जर म्हणाली, 'आय स्नीक्ड आउट', तर लगेच चित्र बदलतं. बाळाला कळलं असतं तर त्यानं तिला सोडलं नसतं. म्हणजे घटकाभर त्या घरात हुकूम बाळाचा. म्हणून माझा शब्द: नजर चुकवून, डोळा चुकवून.

मोरपीस
डोळा चुकवून! किती नेमकं. आणि बघा, मराठीत यात चालणं येतच नाही. डोळा चुकवून गेला, आला, खाल्लं, वाचलं, काहीही.

स्वल्पविराम
हो, आणि स्नीकही तसाच आहे. 'स्नीक अ लुक', 'स्नीक अ सिगरेट', 'स्नीक समवन इन'. पाय लागत नाहीत, चोरून करण्याजोगी कुठलीही गोष्ट चालते. क्रीपला असं कर्म जोडता येत नाही. 'क्रीप अ लुक' कुणी म्हणत नाही.

शब्दयात्री
चांगला धागा. थोडं कुळाबद्दल लिहितो, कारण त्यातून फरक उलगडायला मदत होते.

स्नीक हा इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. त्याची वंशावळ पूर्ण पक्की नाही, पण जुन्या इंग्रजीत 'स्निकन' असं एक क्रियापद होतं, अर्थ सरपटणे. त्याच्याशी याचं नातं जोडलं जातं आणि स्नेक, स्नेल हे शब्दही याच गोतावळ्यातले मानतात. म्हणजे जमिनीलगत, पोटावर, कुणाच्या नजरेच्या पातळीला न येता जाणारे प्राणी.

दुसरं कुळ स्टीलचं. चोरणे हाच मूळ अर्थ. त्यावरून स्टेल्थ, जसं हीलवरून हेल्थ. आणि स्टेल्थचा सर्वांत जुना अर्थ सरळ सरळ 'चोरी' असाच होता. 'गुपचूप वावर' हा अर्थ नंतर आला आणि त्यानं चोरीला हुसकावून लावलं. आता स्टेल्थ विमान म्हटल्यावर कुणाच्या मनात चोरी येत नाही. स्टॉक, म्हणजे सावजाच्या मागावर दबकत जाणं, हासुद्धा याच स्टीलच्या मुळाशी जोडला जातो.

मराठीनं स्वतंत्रपणे हीच वाट धरली आहे. चोरपावलांनी येणारा काही चोरत नाही, त्यानं चोराकडून फक्त पावलं घेतलेली असतात. तेव्हा अनुस्वार, बहिणीला चोरपावलं द्या. 'स्टोल इनटू द रूम' म्हणजे चोरपावलांनी खोलीत आली.

आडवाट
शब्दयात्री, कुळ एक असलं म्हणून रंग एक असेलच असं नाही. इंग्रजीतला हा स्टील मऊ आहे, जवळजवळ कवितेतला. 'अ स्माइल स्टोल अक्रॉस हर फेस' असं लिहितात. मराठीत चोरपावलांनी कुणी आलं म्हटलं की वाचणारा सावध होतो. मायेनं आलेल्या बहिणीवर उगाच संशय येईल.

मोरपीस
आडवाट सर, पटत नाही. संध्याकाळ चोरपावलांनी उतरते, थंडी चोरपावलांनी येते, तारुण्य चोरपावलांनी येतं. यात कुठे संशय आहे? संशय 'चोरून' या शब्दात आहे, 'चोरपावलांनी'त नाही. 'चोरून आली' आणि 'चोरपावलांनी आली' सलग म्हणून बघा.

आडवाट
म्हणून बघितलं. बरोबर आहे तुमचं. माणसाला लावताना मात्र आजूबाजूला मायेची एखादी खूण हवी, पांघरूण सारखं करणं वगैरे.

अनुस्वार
ती खूण मूळ कथेतच आहे, बहीण त्याची खिडकी लावून घेते. म्हणजे चोरपावलं चालतील. सुटला एक!

टॉर्च
स्नीकर्स कुणी काढले नाहीत अजून?

१८६२ साली इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या तुरुंगातल्या जीवनावर एक पुस्तक निघालं. त्यात रात्रीच्या गस्तीच्या बाईच्या पायात रबरी पादत्राणं असत असा उल्लेख आहे आणि कैदी बायका त्यांना 'स्नीक्स' म्हणत. कारण उघड आहे, गस्तवाली कधी येऊन दाराशी उभी राहिली ते कळायचं नाही. नंतर १८८७ मध्ये बॉस्टनच्या एका शिक्षणविषयक नियतकालिकात येतं की मुलं टेनिसच्या बुटांना 'स्नीकर्स' म्हणतात आणि या नावाची समर्पकता त्रासलेल्या मास्तरांनाच नीट कळेल.

१९१७ मध्ये केड्स या बुटांच्या ब्रँडच्या जाहिरातीसाठी एका जाहिरातवाल्यानं हा शब्द घडवला, असं बरेच ठिकाणी सांगतात. ते टिकत नाही, छापील पुरावा तीस वर्षं आधीचा आहे. त्यांनी शब्द गाजवला असेल, जन्माला नाही घातला.

यातली मला आवडलेली गोष्ट अशी. तुरुंगात बूट पहारेकऱ्याच्या पायात, शाळेत मुलांच्या पायात. नाव मात्र दोन्हीकडे ऐकणाऱ्याच्या बाजूनं पडलेलं आहे. ज्याला चाहूल लागत नाही त्याची तक्रार त्या नावात आहे. डिटेक्टिव्हला 'गमशू' म्हणतात तेही रबरी तळव्यावरूनच.

निशाचर
आणि आता स्नीकर्स घेतात ते चारचौघांनी बघावेत म्हणून. शब्दानं केवढी मजल मारली!

स्वल्पविराम
टॉर्च, फार सुंदर. पण मग माझ्या म्हणण्याला थोडी मुरड घालावी लागेल. गस्तवाली बाई तर अधिकारी, तिला कुणाची भीती? तरी तिचे बूट 'स्नीक्स'. म्हणजे अडवणारा असायलाच हवा असं नाही, समोरच्याला बेसावध गाठणं हेही स्नीकमध्ये येतं. 'स्नीक अप ऑन' तो हाच.

शब्दयात्री
अगदी. दोन दिशा आहेत. 'स्नीक आउट', 'स्नीक पास्ट' यात नजरेपासून लांब जाणं. 'स्नीक अप ऑन' यात नकळत कुणाच्या तरी पाठीशी येऊन ठेपणं. दुसऱ्या अर्थानं निर्जीव गोष्टीही येतात, परीक्षा, मुदत, वय. मराठीत तिथे 'कधी येऊन ठेपलं कळलंच नाही' असं म्हणू.

आडवाट
आता भूतकाळाकडे येऊ. मी वर्गात एकच सांगतो: स्नीक्ड लिहा. 'स्नक' हा कानाला सवयीचा झाला असला तरी ब्रिटिश वळणाच्या लेखनात आजही अनौपचारिक समजतात. लीक-लीक्ड, क्रीक-क्रीक्ड, ट्वीक-ट्वीक्ड. मग स्नीकनंच काय वेगळं केलंय?

शब्दयात्री
सर, वेगळं केलंय खरं, आणि म्हणूनच तो अभ्यासकांचा लाडका आहे. इंग्रजी क्रियापदांचा सर्वसाधारण ओघ अनियमिताकडून नियमिताकडे. हेल्पचा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, तो हेल्प्ड झाला. स्नीक उलट गेला. कित्येक शतकं सरळ स्नीक्ड, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत 'स्नक' उगवतो. छापील नोंद १८८७ ची दाखवतात. आधी तो बोलीतला, अशिक्षित समजला गेला. आज अमेरिकन कोश दोन्ही रूपं प्रमाण मानतात.

नमुना कुठून आला हे सांगणं कठीण. स्पीक-स्पोक, ब्रेक-ब्रोक या घरातला तो नाही. स्टिक-स्टक, स्ट्राइक-स्ट्रक यांच्या आवाजाशी मात्र जुळतो. आणि असं करणारा तो एकटाही नाही. डिगचं जुनं रूप डिग्ड होतं, १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तेच आहे. आज 'डग'ला कुणी नावं ठेवत नाही.

टॉर्च
स्नीकर्स १८८७ आणि स्नकही १८८७? योगायोग भारी आहे.

वाचनवेडी
माफ करा, पण भाषांतर मराठीत होतंय ना? मग स्नीक्ड-स्नकचा प्रश्न येतोच कुठे?

अनुस्वार
येतो, वाचनवेडी. निवेदक सगळीकडे स्नीक्ड लिहितो आणि मुलगा बोलताना स्नक म्हणतो. लेखकानं हे मुद्दाम केलंय. मुलाच्या तोंडची भाषा घरगुती, निवेदकाची नेटकी. मला मराठीत ती दरी ठेवायची आहे.

वाचनवेडी
अच्छा! मग सोपं आहे. निवेदक: 'तो सगळ्यांची नजर चुकवून बाहेर पडला.' मुलगा: 'मी गुपचूप सटकलो.'

मोरपीस
'कल्टी मारली' नको का? हल्लीची मुलं तेच म्हणतील.

वाचनवेडी
कल्टीत गुपचूपपणा नाही, नुसतं निघून जाणं आहे. आणि कथेचा काळ कोणता, तेही बघावं लागेल. सटकणं कुठल्याही काळात खपतं.

अनुस्वार
सटकलो घेतला. मुलगा मला आता ऐकू यायला लागला.

धातूकाम
मी एरवी फक्त वाचतो, पण क्रीपचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे क्रीप हा रोजचा शब्द आहे. धातूवर सतत भार असेल आणि तापमान जास्त असेल, तर तो धातू त्याच्या ताकदीच्या मर्यादेच्या खूप आत असूनही कणाकणानं ताणला जातो. तुटत नाही, वाकलेला दिसत नाही, पण महिन्यांनी, वर्षांनी मोजलं की लांबी वाढलेली असते. जेट इंजिनाच्या टर्बाइनमधली पाती हा त्याचा सगळ्यांत मोठा बळी. प्रचंड उष्णता आणि फिरण्यामुळे बाहेरच्या दिशेनं सतत ओढ. म्हणून आधुनिक इंजिनांत ही पाती एकाच स्फटिकाची ओततात. नेहमीच्या धातूत असंख्य छोटे स्फटिककण असतात आणि त्यांच्या सीमांवरून घसरण होते. सीमाच नसल्या तर एक मोठी वाट बंद होते.

शिशाला तर उष्णताही लागत नाही. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे आपल्याला साधं वाटणारं तापमान त्याच्या दृष्टीनं बरंच वरचं. त्यामुळे जुन्या इमारतींवरचे शिशाचे पत्रे आणि नळ स्वतःच्या वजनानंच वर्षानुवर्षं खाली ओघळत राहतात. उतारावरची माती अशीच सरकते, तिलाही क्रीपच म्हणतात.

आता मुद्द्याचं. क्रीप दिसत नाही, कारण तो मंद आहे. स्नीक दिसत नाही, कारण तो लपवलेला आहे. धातू कुणाला घाबरत नाही, त्याला काही लपवायचं नाही. म्हणून धातू क्रीप करतो, स्नीक कधीच करत नाही.

स्वल्पविराम
धातूकाम, या धाग्यातला सगळ्यांत उपयोगी प्रतिसाद. 'मिशन क्रीप'ही असंच. १९९३ मध्ये सोमालियातल्या मोहिमेच्या संदर्भात तो शब्द गाजला. मदत पोचवायला म्हणून गेलेल्यांचं काम थोडं थोडं करत वाढत गेलं. कुणी लपवून वाढवलं असं त्या शब्दात नाही. सॉफ्टवेअरमधलं 'फीचर क्रीप' तसंच.

वाचनवेडी
पण माणसाला 'क्रीप' म्हटलं की तो निरुपद्रवी मंदपणा राहत नाही ना. 'ही इज अ क्रीप', 'क्रीपी'. यात मूळ आहे ते अंगावरून काहीतरी सरपटल्याची भावना. डिकन्सच्या डेव्हिड कॉपरफील्डमध्ये, म्हणजे १८४९-५० मध्ये, मिसेस गमिज थंडीमुळे पाठीत जे काही व्हायचं त्याला 'द क्रीप्स' म्हणते. मराठीत 'अंगावर काटा आला' हे जवळचं वाटतं, पण काटा आनंदानंही येतो. क्रीपीला माझा शब्द: अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

शब्दयात्री
व्वा. आणि 'अ स्नीकिंग सस्पिशन'ला मराठीत काय? शंकेची पाल चुकचुकली. इंग्रजीत सरपटणाऱ्यांच्या कुळातला शब्द, मराठीत साक्षात पाल. हे कुणी ठरवून केलेलं नाही, म्हणूनच जास्त आनंद होतो.

मोरपीस
पण 'स्नीकिंग अ‍ॅडमिरेशन'ला पाल नाही चालणार. तिथे ज्याच्याबद्दल आदर वाटू नये असं आपण ठरवलंय, त्याच्याबद्दलच तो वाटतो आणि कबूल करवत नाही. 'मनाच्या एका कोपऱ्यात' म्हणावं लागेल. इथे नजर चुकवायची ती स्वतःचीच!

टॉर्च
क्रिकेट राहिलं. 'दे स्नीक अ सिंगल' म्हणजे चोरटी धाव. चोरटी नजर, चोरटा स्पर्श, चोरटी धाव, सगळीकडे 'चोरटा' हा स्नीकच आहे. आणि 'स्नीक थीफ' म्हणजे उघड्या दारा-खिडकीतून शिरून, मारहाण न करता हाती लागेल ते उचलणारा. आपला भुरटा चोर.

निशाचर
'स्नीक पीक'ची एक गंमत. इंग्रजीत लोक डोकावण्याच्या 'पीक'ऐवजी शिखराच्या 'पीक'चं स्पेलिंग लिहितात आणि बोलणी खातात. देवनागरीत दोन्ही 'पीक'. आपल्याकडे ही चूक करताच येत नाही! वर शेतातलं पीक आहेच.

आडवाट
ब्रिटिश शाळांतला 'स्नीक' विसरू नका. तिथे तो नाम आहे आणि शिवी आहे. मास्तरांकडे जाऊन दुसऱ्याचं नाव सांगणारा, म्हणजे चहाडखोर. 'टु स्नीक ऑन समवन' म्हणजे चहाडी करणे. जुन्या शालेय कथा भाषांतरित करताना इथे हमखास ठेच लागते. वाक्यात कुणी कुठे चालत नसेल आणि मागे 'ऑन' असेल, तर समजावं की चहाडी आहे. मधे 'अप' आला की मात्र तो दबकत गाठणारा.

अनुस्वार
सर, हे फार कामाचं. पुढच्या एका प्रकरणात वर्ग आहेच. आता उरले स्लिंक आणि प्राउल.

स्वल्पविराम
प्राउल: भक्ष्याच्या शोधात फिरणं. पण भक्ष्य अजून ठरलेलं नाही. ठरलं की तो स्टॉक. जागेवर थांबला की लर्क, म्हणजे दबा धरून बसणं. वाघ आधी प्राउल करतो, हरीण दिसलं की स्टॉक, आणि पाणवठ्यापाशी झुडपात बसला तर लर्क. या तिघांत घाबरलेलं कुणी नाही. स्नीकपासून हे वेगळे पडतात ते इथे.

धातूकाम
आणि जालावर 'लर्कर' म्हणजे आमच्यासारखे वाचनमात्र सदस्य. आम्ही दबा धरून नसतो हो, खरंच फक्त वाचतो.

मोरपीस
प्राउलला 'घिरट्या घालणे' छान बसेल. घराभोवती कुणीतरी घिरट्या घालत होतं. धोका येतो, शोध येतो, आणि अजून हल्ला झालेला नाही हेही येतं.

आडवाट
स्लिंकसाठी पर्यायच शोधायला नको. शेपूट घालून निघून गेला. लाज, भीती, अंग चोरणं, सगळं आलं. त्यातून तो कुत्रा!

अनुस्वार
मग असं झालं: मुलगा सगळ्यांची नजर चुकवून बाहेर पडतो. माणूस भिंतीला अंग घासत, पाऊल पाऊल सरकत येतो (धातूकाम, हा तुमच्यामुळे, त्याचा मंदपणा जपलाय). बहीण चोरपावलांनी खोलीत येते. कुत्रा शेपूट घालून निघून जातो. आणि घराभोवती कुणीतरी घिरट्या घालत होतं.

शब्दयात्री
कुत्र्याच्या बाबतीत एक बघा. पुढे तो कुत्रा परत येऊन काही पराक्रम करणार असेल, तर 'शेपूट घालून' नको. मराठीत त्याच्यावर भित्रेपणाचा शिक्का बसतो आणि तो पुसायला कठीण. स्लिंकमध्ये ओशाळलेपणही पुरेसं असतं. 'अंग चोरत निघून गेला' हे त्या मानानं सौम्य.

अनुस्वार
परत येतोच तो! चोराला तोच धरून ठेवतो. अंग चोरत बरोबर.

आणि जाता जाता, त्याच प्रकरणाच्या अखेरीस मुलाची आत्या भांडण झाल्यावर खोलीतून 'स्टॉक्ड आउट'. ती कुणाच्या मागावर निघाली आहे, असं घ्यायचं का?

आडवाट
मुळीच नाही! तोच स्टॉक, पण चाल अगदी उलटी. रागानं किंवा तोऱ्यात, ताठ पायांनी, सगळ्यांना दिसेल असं निघून जाणं. आत्याबाई मान ताठ करून तरातरा निघून गेल्या. तिथे दबकणं चुकूनही येऊ देऊ नका.